रग्बी लीग : पोरं घडवायची पेनरिथनं, न्यायची इतरांनी?

पश्चिमगामी (धागाकर्ता)

ऑक्टोबरात ब्रिस्बेन ब्रॉन्कोजनी मेलबर्न स्टॉर्मला २६-२२ असं हरवलं आणि एनआरएलचा, म्हणजे रग्बी लीगच्या इथल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा, २०२५चा चषक क्वीन्सलंडात गेला. अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक रीस वॉल्शला. वय २३. तेव्हापासून इथे रेडिओवर, पेपरात, ऑफिसच्या पँट्रीत एकच दळण चालू आहे : पुढचा वॉल्श कोण? मला त्या यादीत फारसा रस नाही. याद्या दर वर्षी निघतात आणि त्यातली बरीच नावं दोन-तीन वर्षांत गुडघा नाहीतर खांदा धरून घरी बसलेली असतात. ही पोरं येतात कुठून, त्यांना वाढवतं कोण आणि तयार झाल्यावर उचलतं कोण, याबद्दल लिहायचंय.

आधी खेळाबद्दल चार ओळी, कारण रग्बी म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना न्यूझीलंडचा हाका आठवतो. ती रग्बी युनियन, १५ जणांची. लीग १३ जणांची. १८९५ साली उत्तर इंग्लंडातल्या गिरण्या-खाणींत राबणाऱ्या खेळाडूंना बुडालेल्या रोजाची भरपाई द्यायची की नाही यावरून भांडण झालं आणि या मंडळींनी वेगळी चूल मांडली. सिडनीत ती १९०८ पासून पेटलेली आहे. चेंडू ज्यांच्या हातात त्यांना सहा टॅकल मिळतात, म्हणजे चेंडूवाल्याला सहा वेळा लोळवेपर्यंतची संधी. तेवढ्यात ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं) झाला नाही तर चेंडू समोरच्यांचा, म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुतेक वेळा लाथ मारून तो लांब धाडतात. पास मागे किंवा आडवा, पुढे कधीच नाही. एवढ्यावर सामना बघता येतो.

न्यू साउथ वेल्समध्ये पोरांची चढण ठरलेली आहे. हॅरल्ड मॅथ्यूज कप १७ वर्षांखालच्यांचा, एसजी बॉल १९ खालचा, जर्सी फ्लेग २१ खालचा, मग मोठ्यांचा न्यू साउथ वेल्स कप आणि सगळ्यात वर एनआरएल. क्वीन्सलंडात सिरिल कॉनेल आणि मॅल मेनिंगा कप. शाळांचं खातं वेगळंच. फेअरफील्डकडची वेस्टफील्ड्स स्पोर्ट्स हाय, ब्लॅकटाउनची पॅट्रिशियन ब्रदर्स, गोल्ड कोस्टची कीब्रा पार्क. या शाळांचे सामने बघायला क्लबांची माणसं वही-पेन घेऊन बसलेली असतात.

आता पेनरिथ. सिडनीचं पश्चिम टोक, पलीकडे ब्लू माउंटन्स. २०११ साली फिल गुल्ड तिथे कारभारी म्हणून आले तेव्हा क्लबची तिजोरी खडखडाट. त्यांनी पाच वर्षांची योजना जाहीर केली, लोकांनी यथेच्छ टवाळी केली. योजना साधी होती : बाहेरून महागडे तारे आणण्यापेक्षा आपल्याच हद्दीतल्या पोरांवर पैसा लावायचा. फळं धरायला पाचाहून बरीच जास्त वर्षं लागली. पण धरली तेव्हा २०२१, २२, २३, २४ असे सलग चार चषक. २०२२ मध्ये तर एनआरएल, न्यू साउथ वेल्स कप, जर्सी फ्लेग आणि एसजी बॉल, चारही याच क्लबाच्या कपाटात.

आणि मग गळती बघा. मॅट बर्टन २०२२ला बुलडॉग्जकडे. २०२३ला विलियामे किकाऊ बुलडॉग्जकडे, आपी कोरोइसाऊ वेस्ट्स टायगर्सकडे. २०२४ला स्टीव्हन क्रायटन बुलडॉग्जकडे, स्पेन्सर लेनिऊ रूस्टर्सकडे. २०२५ला जेरोम लुआई आणि सुनिया तुरुवा टायगर्सकडे, जेम्स फिशर-हॅरिस वॉरियर्सकडे. (बुलडॉग्जचा कारभार आता कोण बघतं? तेच फिल गुल्ड. असो.) सॅलरी कॅपमुळे, म्हणजे क्लबाच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेमुळे, कोणताही क्लब सगळ्यांना ठेवूच शकत नाही. ज्यानं जास्त पोरं घडवली त्याचीच जास्त जाणार. तर प्रश्न असा, की हे न्याय्य आहे का?

रांगडा_गडी

पश्चिमगामी, मस्त धागा. सहा टॅकलचं प्रकरण यूट्यूबवर बघितलं. आमच्या कोल्हापूरकडच्या डोळ्याला ही कबड्डीच दिसली. एक जण चेंडू घेऊन अंगावर येतो, तिघं मिळून त्याला लोळवतात, फक्त दम घोकायचा नाही. तो नेथन क्लिअरी भारी आहे राव. पेनरिथचाच ना?

पश्चिमगामी

पेनरिथचाच. १८व्या वर्षी, २०१६ला एनआरएलमध्ये उतरला. वडील आयव्हन क्लिअरी संघाचे प्रशिक्षक, त्यामुळे "बापाच्या जिवावर" हे ऐकून घेणं आलंच. २०२३च्या अंतिम सामन्यानंतर ती तोंडं बंद झाली. ब्रॉन्कोज २४-८ पुढे, शेवटची २० मिनिटं उरलेली. तिथून पेनरिथनं सामना २६-२४ काढला. मिनिटभर मिळालं तर त्याचा शेवटचा ट्राय बघा. समोर बचावाची रांग नीट उभी आहे, त्याच्याकडे पास द्यायला माणसं आहेत. तो देतो असं दाखवतो, पाऊल आतल्या बाजूला टाकतो आणि रांगेतली दोन माणसं चुकीच्या बाजूला झुकलेली असतात तेवढ्यात मधून पार. अंगात अफाट ताकद वगैरे काही नाही त्यात. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते बघणं, बस.

ब्रिस्बेनची_काकू

त्या सामन्याचं नाव काढू नका. आमच्या एझ्रा मॅमनं त्याच अंतिम सामन्यात तीन ट्राय केले होते, उत्तरार्धात, थोड्याशा मिनिटांत. वय २०. आणि तरी हरलो! घरातला टीव्ही फुटला नाही हे नशीब. २०२५ला उट्टं निघालं. त्याही आधीच्या उपांत्य फेरीत तुमच्या पेनरिथला १६-१४ नं घरी पाठवलं ते का लिहिलं नाही धाग्यात? :)

पश्चिमगामी

काकू, जखमेवर मीठ. मे महिन्यात गुणतक्त्याच्या तळाला होतो आम्ही, तिथून उपांत्य फेरी गाठली, एवढं तरी म्हणा.

गणितमास्तर

धागाकर्त्याच्या गळतीच्या यादीत एक गोष्ट झाकली गेली आहे. पेनरिथची हद्द म्हणजे नुसतं पेनरिथ शहर नाही. आयझाया यो आणि मॅट बर्टन डबोचे. लियम मार्टिन टेमोराचा, जेमतेम काही हजार वस्तीचं शेतीचं गाव. डिलन एडवर्ड्स डोरिगोत वाढला. गावाकडच्या क्लबांनी ही पोरं सहाव्या-सातव्या वर्षापासून वाढवली, पेनरिथनं १५-१६व्या वर्षी उचलली. मग पेनरिथचं पोर रूस्टर्सनं नेलं तर गळा काढायचा आणि टेमोराचं पोर पेनरिथनं नेलं की त्याला "घडवणं" म्हणायचं? पैसा ज्याच्याकडे तो वरून उचलतो, आणि प्रत्येक जण कुणाच्या तरी वर बसलेला आहेच.

मेलबर्न स्टॉर्मचं उदाहरण घ्या. व्हिक्टोरिया म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्सचा मुलूख, लीगचे ज्युनियर नावाला. तरी कॅमेरॉन स्मिथ, बिली स्लेटर, कूपर क्रॉन्क ही त्रिमूर्ती तिथे नांदली. तिघेही क्वीन्सलंडचे. स्लेटर तर इनिसफेलचा, केळी आणि उसाचा भाग. स्टॉर्मनं हद्द नसताना माणसं पारखली. याला चोरी म्हणायचं की नजर?

तर्कटराव

+१ मास्तर.

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

उंबरठा

मला एक कळत नाही. आयपीएलसारखा लिलाव का नाही? किंवा अमेरिकेसारखा ड्राफ्ट? सगळ्यात खालच्या संघाला पहिली निवड, प्रश्न मिटला.

गणितमास्तर

ऑस्ट्रेलियन रूल्सवाल्यांकडे, म्हणजे एएफएलमध्ये ड्राफ्ट आहे आणि चांगला चालतो. लीगमध्येही १९९०च्या सुमारास आणून बघितला. खेळाडू कोर्टात गेले, टेरी हिल हे त्यातलं गाजलेलं नाव, आणि १९९१ला फेडरल कोर्टानं तो मोडीत काढला. म्हणणं असं, की माणसानं नोकरी कुठे करायची हे मालकांच्या मंडळानं परस्पर ठरवायचं म्हणजे त्याच्या पोटावर पाय. तेव्हापासून ड्राफ्टचं नाव निघतं आणि विरतं.

त्याऐवजी आहे १ नोव्हेंबरचा नियम. ज्याचा करार पुढच्या मोसमाअखेर संपतोय तो १ नोव्हेंबरपासून दुसऱ्या क्लबांशी उघड बोलणी करू शकतो. म्हणजे पोरगा एक अख्खा मोसम एका क्लबाची जर्सी घालून खेळणार आणि सगळ्यांना ठाऊक, की पुढल्या वर्षी हा समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये. लुआईनं २०२४चा चषक पेनरिथसाठी जिंकला तेव्हा टायगर्सबरोबरचा त्याचा करार केव्हाच झालेला होता.

माजी_विंगर

आणि तरी जीव तोडून खेळला. हे आपल्याकडच्या निष्ठावाल्यांना समजवायला मला फार कष्ट पडतात.

मी युनियन खेळलोय, पुण्यात, कॉलेजच्या काळात. लीग बघायला लागलो ते जोसेफ सुआलीमुळे. त्याची गोष्ट या धाग्यात यायलाच हवी. सिडनीच्या किंग्ज स्कूलमध्ये युनियन खेळणारं पोर. रूस्टर्सनी घेतलं. एनआरएलचा नियम १८ पूर्ण हवीत, याला खास सवलत देऊन २०२१च्या मे महिन्यात १७व्या वर्षीच उतरवलं. २०२२च्या विश्वचषकात सामोआकडून. २०२४च्या पहिल्या स्टेट ऑफ ओरिजिनमध्ये (न्यू साउथ वेल्स वि. क्वीन्सलंड ही तीन सामन्यांची मालिका) न्यू साउथ वेल्सकडून पदार्पण, आणि आठ मिनिटांच्या आत रेड कार्ड! कुणाला उंच टॅकल मारला म्हणून? रीस वॉल्शला. एका पिढीची दोन सगळ्यात महाग पोरं, एक जमिनीवर पडलेलं, दुसरं मान खाली घालून बाहेर चाललेलं. १२ जणांत न्यू साउथ वेल्स तो सामना ३८-१० हरलं. (मालिका मात्र २-१ जिंकलं.) त्याच वर्षी नोव्हेंबरात सुआली युनियनमध्ये परतून ट्विकनहॅमला ऑस्ट्रेलियाकडून पहिली कसोटी खेळला, इंग्लंडला ४२-३७ हरवलं आणि सामनावीरही तोच.

आता सांगा, हा कुणाचा? किंग्ज स्कूलचा, रूस्टर्सचा, सामोआचा की युनियनचा?

रांगडा_गडी

त्याच्या आईचा.

तर्कटराव

:D :D

नवखा_प्रेक्षक

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न. यातले निम्मे खेळाडू सामोअन, टोंगन दिसतात. ती माणसं मुळातच आडदांड असतात, मग बाकीच्यांची पोरं कशी टिकणार? "गुणवत्ता घडवणं" वगैरे बोलायचं, पण शेवटी देहयष्टीच ना?

पश्चिमगामी

नवखा, राग मानू नका पण हे वाक्य इथल्या सामोअन माणसांना ऐकून ऐकून वीट आलाय. एनआरएलमध्ये पॅसिफिक वंशाचे खेळाडू जवळपास निम्मे आहेत हे खरं. पण लुआई बघा, ब्रायन टोओ बघा, दोघेही माउंट ड्रुइट-सेंट मेरीज भागातले. लुआई संघाची चाल आखणारा फाइव्ह-एट, डोक्याचं काम. टोओ विंगर असून बुटका, ठेंगणा. तो आपल्या ट्रायलाइनजवळून पहिला चेंडू घेऊन तीन-तीन बचावपटूंत घुसतो आणि अंगाखाली पाय सतत हलते ठेवून आणखी पाच मीटर ओढतो. ती सवय आहे, सराव आहे.

माउंट ड्रुइट म्हणजे सिडनीकरांच्या विनोदांचं हक्काचं गिऱ्हाईक. सरकारी घरं, लांबचा प्रवास, कमी पगाराच्या पाळ्या. २०२२च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात सामोआनं इंग्लंडला त्यांच्याच देशात २७-२६ हरवलं, जादा वेळेत क्रायटनच्या ड्रॉप गोलनं. त्या संघात लुआई, टोओ, क्रायटन, लेनिऊ, टागो, सगळे पेनरिथच्या मुशीतले. त्या रात्रीनंतर माउंट ड्रुइटच्या रस्त्यांवर गाड्यांना सामोआचे झेंडे लावून जो गोंधळ चालला होता तो मी बघितलाय. पोलीसही भोंगे वाजवत होते.

आणि नुसती देहयष्टीच लागत असती तर ऑस्ट्रेलियाचे आदिवासी खेळाडू कुठून आले असते? लोकसंख्येत चार टक्क्यांच्याही आत, एनआरएलमध्ये सुमारे १२ टक्के. मॅम त्यातलाच. सेल्विन कॉबो चेरबर्गचा, जिथे एके काळी सरकारनं माणसं उचलून आणून कोंडली होती.

नवखा_प्रेक्षक

समजलं. धन्यवाद. क्रायटनचा तो गोल शोधतो.

ब्रिस्बेनची_काकू

नवख्यानं विचारलं ते वाईट हेतूनं नसेल, पण भीती मलाही वाटते आणि ती मी सांगते. माझा भाचा इथे ज्युनियर लीग खेळतो, १२ वर्षांखालच्यांत. घरात एकटा वरण-भात-तूपवाला, बाकी संघ सगळ्या देशांचा. शनिवारी सकाळी मैदानावर गेलं की दवानं चपला भिजतात, सॉसेज सिझलचा धूर, आया हातात संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या. माझी बहीण खेळ बघतच नाही. प्रत्येक टॅकलला डोळे मिटते आणि मला विचारते, "उठला का?"

पूर्वीपेक्षा काळजी बरीच घेतात हे मान्य. अगदी लहानांना टॅकल नाही, कमरेला लावलेली पट्टी ओढायची. टॅकल सुरू व्हायच्या आधी डोकं कुठे ठेवायचं, खांदा कसा लावायचा याचं वेगळं शिक्षण असतं. एनआरएलमध्ये मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं तर किमान ११ दिवस बाहेर, काही ठरावीक अपवाद सोडले तर. पण १५-१६च्या वयात एकाच वर्गातली दोन पोरं, एक ५५ किलोचं आणि दुसरं ९५चं, समोरासमोर येतात, तेव्हा नियम कुठे जातात?

आणि डोक्याला मार फक्त टॅकलनं बसतो असं नाही. २००८ ते २०१७ एनआरएलची २० वर्षांखालच्यांची देशभराची स्पर्धा होती. टीव्हीवर दाखवायचे, पोरं १८व्या वर्षी स्टार. मग २१ पूर्ण झाली की जागा नाही, करार नाही, शिक्षण अर्धवट. त्या काळात काही कोवळ्या पोरांनी जीव दिला. ती स्पर्धा बंद झाली यात पैशांचं कारण होतंच, पण मला विचाराल तर बरं झालं बंद झाली.

माजी_विंगर

काकू, शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. घडवणाऱ्यांच्या गप्पा मारताना जे घडत नाहीत त्यांचा हिशेब कुणी मांडत नाही. क्लबाच्या वरच्या तुकडीत ३० जण. एसजी बॉलमध्ये प्रत्येक क्लबाची त्या वयाची तेवढी तरी पोरं, आणि तेही फक्त दोन-तीन वर्षांचं पीक. हद्दीत किती शाळा आहेत ते सोडाच.

गणितमास्तर

जागा वाढणार आहेत. २०२३ला डॉल्फिन्स आल्यावर १७ संघ झाले. २०२७ला पर्थ बेअर्स, २०२८ला पापुआ न्यू गिनी चीफ्स. म्हणजे ६० नव्या नोकऱ्या. पापुआ न्यू गिनीत तर लीग हाच राष्ट्रीय खेळ, तिथला हंटर्स संघ २०१४ पासून क्वीन्सलंड कपमध्ये खेळतो आणि २०१७ला त्यांनी तो जिंकलाही. त्या चीफ्ससाठी ऑस्ट्रेलियाचं सरकार १० वर्षांत ६० कोटी डॉलर देतंय. पॅसिफिकमधल्या चीनच्या शिरकावावर हा उतारा आहे, खेळप्रेम नव्हे. पण पोर्ट मोर्झबीच्या पोराला त्याच्याशी काय देणंघेणं.

तर्कटराव

एवढा वेळ झाला, कुणी लॅकलन गॅल्विनचं नाव काढलं नाही! की जखम ताजी आहे?

पश्चिमगामी

तुम्ही काडी टाकलीच. बरं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गॅल्विन २००५चा. वेस्ट्स टायगर्सनं २०२४ला १८व्या वर्षी उतरवला. त्या मोसमात संघ तळाला आणि हे पोर उजेडात. क्लबानं मोठा, लांब मुदतीचा करार पुढे केला. २०२५च्या एप्रिलमध्ये यानं कळवलं, की २०२६नंतर राहणार नाही. झालं. संघातल्या काही सहकाऱ्यांनी इन्स्टाग्रामवर जाहीर टोमणे मारले, क्लबानं त्याला खालच्या तुकडीत धाडलं, आणि मे संपता संपता करारातून मोकळं केलं. तो गेला बुलडॉग्जकडे. जूनमध्ये पॅरामॅटाविरुद्ध राखीव म्हणून उतरला आणि पहिल्याच सामन्यात ट्राय. मैदानात हुर्यो आणि टाळ्या एकाच वेळी.

माझं मत विचाराल तर पोरगं चुकलं नाही. २० वर्षांचासुद्धा नव्हता, चार-पाच वर्षं बांधून घ्यायला नको म्हणाला. यात गद्दारी कुठे आली? पण ज्या पद्धतीनं सगळं बाहेर आलं, एजंट, पत्रकार, फुटलेले निरोप, त्यात त्याची बाजू कमी आणि इतरांचा धंदा जास्त दिसला.

माजी_विंगर

मला नाही पटत. टायगर्सकडे दुसरं होतं काय? वर्षानुवर्षं बाद फेरी गाठली नाही त्यांनी. त्यांच्या प्रेक्षकांना सांगत होते, धीर धरा, पोरं वाढताहेत. आणि हाताशी आलेलं पोर मोसमाच्या मध्यावर, ते पण सिडनीतच, शेजाऱ्याकडे. लुआईला पेनरिथहून आणलं ते याच्या जोडीला खेळायला. निदान मोसम तरी पुरा करायचा.

उंबरठा

पण बुलडॉग्जचं भलं झालं का?

माजी_विंगर

आधी छान चाललं होतं, मग मोसमाच्या मध्यावर हाफबॅक बदलून गॅल्विनला बसवला. बाद फेरीत स्टॉर्म आणि पेनरिथकडून पाठोपाठ हरून बाहेर. त्याचा सगळा दोष पोराचा नाही, पण घाई अंगाशी आली.

ब्रिस्बेनची_काकू

मुलांचंच चाललंय सगळं. मुलींचं बघा जरा. एनआरएलडब्ल्यू २०१८ला चार संघांवर सुरू झाली, २०२३ला १०, २०२५ला १२. न्यूकॅसलची जेसी साउथवेल २०२२ला १७व्या वर्षी हाफबॅक म्हणून उतरली आणि त्याच मोसमात चषक जिंकला. पुढच्या वर्षी परत. सुआलीच्या १७व्या वर्षावर केवढा गदारोळ, हिच्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही! मुलींसाठी आता न्यू साउथ वेल्समध्ये १७ खालचा लिसा फियाओला कप आणि १९ खालचा टार्शा गेल कप आहे. दहा वर्षांपूर्वी १२ वर्षांच्या मुलीला सांगायचे, आता मुलांबरोबर खेळणं बंद, घरी बस नाहीतर नेटबॉल खेळ. आमच्या गल्लीतली एक मुलगी अशीच सोडून गेली होती, आता आपल्या लेकीला घेऊन मैदानावर येते आणि स्वतःच ओरडून ओरडून घसा बसवून घेते.

पश्चिमगामी

काकू, हे मूळ धाग्यात हवं होतं. संपादकांना सांगून तुमचा प्रतिसाद वर चिकटवता आला तर बघतो.

मूळ प्रश्नावर येतो. मास्तरांचा टेमोराचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यानं माझा मुद्दा पडत नाही, उलट खालपर्यंत पोचतो. ड्राफ्ट नको, पोराला आपलं गाव आणि क्लब निवडता यायलाच हवा. पण जो क्लब पोराला १५व्या वर्षापासून सांभाळतो त्याला त्या खेळाडूचा पगार कॅपमध्ये बराच कमी धरायची मुभा द्या. जुन्या आणि घरच्या खेळाडूंसाठी थोडी सवलत आजही आहे, ती तोंडाला पानं पुसण्यापुरती. आणि पोर दुसरीकडे गेलं तर नेणाऱ्यानं पैसे मोजावेत, त्यातला वाटा डबो, टेमोरा, सेंट मेरीजच्या ज्युनियर क्लबांना थेट. फुटबॉलमध्ये फिफा हेच करते, खेळाडू विकला की लहानपणच्या क्लबांना टक्केवारी जाते. लीगमध्ये करार संपला की पोर फुकट.

गणितमास्तर

फुटबॉलमध्ये ते चालतं कारण तिथे खेळाडूची विक्री होते, रक्कम दिसते. इथे रक्कमच नाही तर टक्केवारी कशाची काढणार? शिवाय तुमच्या सवलतीनं पेनरिथ, ब्रिस्बेनसारख्या मोठ्या हद्दीवाल्यांचंच फावेल. मेलबर्न, आणि उद्या पर्थ, यांच्याकडे घरची पोरं आहेत कुठे? सगळे क्लब वीस वर्षं पेनरिथशी हरत बसले तर टीव्हीवाले पैसे देतील?

पश्चिमगामी

पर्थला पोरं नाहीत म्हणून पेनरिथनं शिक्षा भोगायची का? त्यांनी शाळांत जावं, मैदानं करावीत. पाच वर्षांची योजना आखावी, टवाळी आम्ही करू.

तर्कटराव

मास्तर वि. पश्चिमगामी, पहिला अर्धा संपला. गुणफलक ८-८.

नवखा_प्रेक्षक

या वर्षी नवीन कुणाकडे बघायचं ते तर सांगा. यादी नको म्हणालात तरी.

पश्चिमगामी

घ्या, पण गुडघ्यांची हमी नाही. कॅनबेराचा ईथन स्ट्रेंज, फाइव्ह-एट. २०२५ला साखळीत पहिला क्रमांक मिळवलेल्या संघात त्याच्या वयाच्या मानानं फार शांत खेळतो. डॉल्फिन्सचा आयझाया कटोआ, एनआरएलचा एकही सामना खेळलेला नसताना टोंगाकडून विश्वचषक खेळला. रूस्टर्सचा रॉबर्ट टोइया, २०२५ला पदार्पण आणि त्याच वर्षी क्वीन्सलंडकडून ओरिजिन जिंकूनही झालं. वॉरियर्सचा लेका हलासिमा, हा मात्र नवख्यांच्या "आडदांड" व्याख्येत बसेल. पेनरिथमध्ये केसी मॅक्लीन आणि ब्लेझ तालागी. पॅरामॅटाचा फुलबॅक आयझाया इयोंगी.

गणितमास्तर

एक मिनिट. तालागी पॅरामॅटानं घडवला आणि पेनरिथनं नेला. आणि कटोआ, इयोंगी पेनरिथचे, बाहेर गेले. तुमची तक्रार आणि तुमची खरेदी एकाच पावतीवर?

पश्चिमगामी

तालागीच्या बदल्यात इयोंगी, हिशेब बरोबरीत. कटोआचे पैसे मात्र येणं आहेत.

ब्रिस्बेनची_काकू

ते तुमचं चालू द्या. २०२६चा मोसम लास व्हेगासला सुरू होतोय, बुलडॉग्ज-ड्रॅगन्स आणि नाइट्स-काउबॉइज. टीव्हीपुढे बसण्यापेक्षा सिडनीवाल्यांनी फेब्रुवारीत एसजी बॉलचे सामने गाठावेत. गर्दी नसते, कठड्याला टेकून उभं राहता येतं, पोरं एकमेकांना काय ओरडून सांगतात ते ऐकू येतं. पश्चिमगामी, सामन्यांचं वेळापत्रक आलं की इथेच टाका. आणि येताना टोपी आणा, त्या मैदानांवर सावली कुठेच नसते.

रांगडा_गडी

आमच्यासाठी कुणीतरी मोबाइलवर चित्रीकरण करून टाका. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).